कोरडं कोर्ट कोणाला? गोव्यातल्या टेनिस स्पर्धेतल्या एका बुधवारचं प्रकरण

ही घटना गोव्यातल्या एका क्लबच्या हार्ड कोर्टवर झालेल्या व्यावसायिक टेनिस स्पर्धेतली आहे. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांचे सामने एकाच आठवड्यात, एकाच जागी होते. स्पर्धा संचालक मी होतो. क्लबचं नाव, वर्ष आणि खेळाडूंची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. बाकी जे घडलं ते तसंच मांडतो, कारण आपल्याकडे अशा स्पर्धा भरवायला निघालेल्यांना याचा उपयोग व्हावा असं मला मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी

गोव्याला टेनिस नवं नाही. मिरामारचा क्लुब टेनिस द गास्पार दियश १९२६ सालचा. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये हॉकीचं कांस्यपदक मिळवणारे वेस पेस यांचा जन्म गोव्यातला, आणि त्यांचा मुलगा लिअँडर याने १९९६ साली अटलांटात टेनिस एकेरीचं कांस्यपदक जिंकलं. हे इथल्या प्रत्येक टेनिसवेड्या घरात पाठ असतं. पण रँकिंगचे गुण देणारी व्यावसायिक स्पर्धा आपल्या अंगणात बघायला मिळणं वेगळं. म्हणूनच आमच्या समितीत उत्साह उतू जात होता. आणि म्हणूनच स्थानिक खेळाडू, पाहुणे, प्रायोजक या सगळ्यांचं दडपणही होतं. पुढे जे झालं त्याचं मूळ या दडपणात आहे.

स्पर्धा आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या सर्वांत खालच्या पायरीवरची, एम-१५ आणि डब्ल्यू-१५. म्हणजे पुरुषांसाठी १५,००० डॉलर, महिलांसाठीही १५,००० डॉलर. आकडा मोठा दिसतो, पण तो एकेरी आणि दुहेरीतल्या सगळ्यांत वाटला जातो. एकेरीच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्याच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास पडतात. त्यात विमानाचं किंवा रेल्वेचं तिकीट, हॉटेल, जेवण, रॅकेटची तार. या पायरीवरचे बहुतेक खेळाडू पदरचे पैसे घालून खेळतात. ते येतात गुणांसाठी. पहिली फेरी जिंकली की एक गुण. विजेत्याला पंधरा.

हा एक गुण काय असतो ते बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. महिलांच्या जागतिक क्रमवारीत नाव यायचं तर तीन वेगवेगळ्या स्पर्धांत गुण मिळवावे लागतात, नाहीतर एकूण दहा गुण तरी जमवावे लागतात. दोन स्पर्धांत एकेक गुण मिळवलेल्या मुलीसाठी तिसऱ्या स्पर्धेतली पहिली फेरी म्हणजे क्रमवारीत पहिल्यांदा नाव लागण्याचा दरवाजा. आमच्या स्पर्धेत अशी एक खेळाडू होती. महाराष्ट्रातून आलेली, सोबत वडील, तेच तिचे प्रशिक्षक.

आता कोर्टांचा हिशेब. कोर्ट पाच. मुख्य कोर्टाला प्रेक्षकांसाठी पायऱ्या आणि फ्लडलाइट, दोन नंबरला फ्लडलाइट, बाकी तिघांना दिवे नाहीत. दोन्ही गटांत एकेरीचा ड्रॉ ३२चा, म्हणजे ३२ खेळाडू, आणि दुहेरीच्या १६ जोड्या. मंगळवार-बुधवारी पहिली फेरी उरकायची म्हणजे एकेरीचे ३२ आणि दुहेरीचे १६ असे ४८ सामने. पाच कोर्टांवर, दोन दिवसांत, ऑक्टोबरअखेरच्या उजेडात. गोव्यात तेव्हा सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सगळं सुरळीत पार पडलं तर जेमतेम बसेल असं ते गणित होतं. पावसासाठी त्यात तासाभराचीही फट नव्हती.

कोर्टांची खरी अवस्था

हार्ड कोर्ट म्हणजे खाली डांबराचा किंवा काँक्रीटचा पाया आणि वर ॲक्रिलिकचे थर, ज्यात बारीक वाळू मिसळलेली असते. हे थर ओल्या पायावर चढत नाहीत. गोव्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते काम करताच येत नाही. आम्ही पाऊस ओसरताच ऑक्टोबरच्या सुरुवातीला घाईघाईने रंगकाम उरकलं. कोर्टं निळीशार दिसू लागली, फोटो छान आले. पण तीन नंबरच्या कोर्टाला बेसलाइनमागे, म्हणजे टोकाच्या रेषेपलीकडे, जो खोलगट भाग होता, तो रंगाखाली तसाच राहिला. पायाचा उतार बिघडला असेल तर वरून रंग देऊन पाणी हटत नाही. चार नंबरच्या कडेला फणसाचं झाड, त्याची सावली, खाली हिरवट शेवाळाचा पट्टा. पाच नंबरला लागून चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, कुंपण, आणि त्या बाजूने पावसाचं तांबडं पाणी थेट कोर्टात उतरायचं.

हे पारखायची साधी रीत आहे. कोर्टावर पाणी सोडायचं, तासभर उन्हात ठेवायचं आणि मग जिथे पाणी साचून राहिलंय तिथे एक नाणं ठेवून बघायचं. नाणं बुडालं तर ती जागा दुरुस्तीला आली. टँकर बोलवायचा, तास घालवायचा, एवढंच काम. ते आम्ही स्पर्धेच्या आधी केलं नाही. निर्णयाची पहिली जागा खरं तर ही होती, आणि ती आमच्या लक्षातही आली नाही.

कोर्टांची देखभाल करणारे काका दोडामार्गहून रोज पहिल्या बसने यायचे. त्यांनी मला रंगकामाच्या वेळीच सांगितलं होतं, "सर, तीन नंबरवर पाणी बसतंय, रंगानं काय होणार?" मी म्हटलं, स्पर्धा होऊ दे, मग बघू.

अडचण

मंगळवार छान गेला. मंगळवारी रात्री पाऊस पडला. बुधवारी सकाळी सामने साडेनऊऐवजी अकराला सुरू झाले. दुपारी दोन चाळीसला पूर्वेकडून, घाटाच्या बाजूने, ढग आले. विजा, गडगडाट आणि पस्तीस मिनिटं मुसळधार. मोसमी पाऊस परतल्यानंतरही ऑक्टोबरच्या दुपारी असे ढग येतात, हे गोव्यात लहान पोरालाही ठाऊक असतं.

पाऊस थांबला तेव्हा एकेरीचे पाच सामने अर्धवट होते. मुख्य कोर्ट, दोन नंबर आणि पाच नंबरवर पुरुषांचे, तीन आणि चार नंबरवर महिलांचे. एकेरीचे आणखी चार सुरूच व्हायचे होते, दोन पुरुषांचे आणि दोन महिलांचे. दुहेरीचे दहा वेगळेच.

काकांनी माणसं लावली. कोर्ट कसं सुकवायचं याचं त्यांचं तंत्र मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. वायपर कधी आडवा ओढायचा नाही, उताराच्या दिशेने एका दमात कडेपर्यंत न्यायचा. मागोमाग स्पंजचा रोलर. मग जुने टॉवेल, तेही चोळायचे नाहीत, दाबायचे. शेवटी ते वाकून पांढऱ्या रेषेवर हाताची पालथी बाजू टेकवायचे. निळा रंग ओला असला की गडद दिसतो, म्हणून ओल कळते. पांढरी रेषा ओली असो की कोरडी, डोळ्याला सारखीच. घसरतं ते तिथेच.

चार वाजून पाच मिनिटांनी मुख्य कोर्ट आणि दोन नंबर तयार झालं. खंड अर्ध्या तासाहून मोठा असल्यामुळे खेळाडूंना पाच मिनिटांचा सराव देऊन तिथले पुरुषांचे अर्धवट सामने पुढे सुरू झाले. चार आणि पाच नंबर सव्वापाचपर्यंत सुकणार नव्हतं. तीन नंबरवर बेसलाइनमागे भलंमोठं डबकं होतं आणि कुंपणाकडून वाहत आलेला तांबड्या मातीचा ओघळ.

साडेचारला रेफरींनी, म्हणजे नियम आणि सामन्यांचा क्रम ज्यांच्या हाती असतो त्यांनी, मला बोलावलं. म्हणाले, "दिव्याची कोर्टं दोनच आहेत. हे दोन सामने संपले की पुढे कोणते लावायचे?"

समोर असलेले पर्याय

चार पर्यायांवर आम्ही बोललो.

एक, हे दोन सामने झाले की दिवस संपवायचा. खेळाडू थकणार नाहीत, पण गुरुवारी दुसऱ्या फेरीच्या सोळा एकेरींवर पहिल्या फेरीचे उरलेले सात सामने चढतील आणि सात जणांना एकाच दिवसात दोन एकेरी खेळाव्या लागतील.

दोन, काही सामने वीसेक किलोमीटरवरच्या दुसऱ्या कोर्टांवर हलवायचे. तिथेही पाऊस झालेला, पृष्ठभागाचा वेग वेगळा, अंपायर आणि डॉक्टर दोन ठिकाणी वाटायचे. हा पर्याय दोन मिनिटांत बाजूला पडला.

तीन, जे अर्धवट आहेत ते आधी, पुरुष असोत की महिला. म्हणजे पुढच्या दोन जागा महिलांच्या दोन अर्धवट सामन्यांना. उरलेला पुरुषांचा अर्धवट सामना त्यानंतर.

चार, मुख्य कोर्टावर आमच्या स्थानिक वाइल्ड कार्ड खेळाडूचा, म्हणजे आयोजकांनी थेट प्रवेश दिलेल्या मुलाचा, सामना लावायचा, जो अजून सुरूही झाला नव्हता, आणि दोन नंबरवर पुरुषांचा उरलेला अर्धवट सामना. महिलांचे दोन्ही त्यानंतर.

चौथा पर्याय मी मांडला. कारण लपवण्यात अर्थ नाही. प्रायोजक आले होते, प्रमुख पाहुणे सहाला येणार होते, पायऱ्यांवर शाळेची मुलं आणून बसवली होती, आणि सगळे त्या एका मुलासाठी आले होते. रेफरी म्हणाले, नियमात बसतं, पण मी असतो तर अर्धवट सामने आधी घेतले असते. अंतिम अधिकार त्यांचाच होता. माझ्या आग्रहाला त्यांनी मान दिला. त्या क्षणी महिला खेळाडूंपैकी एकीलाही आम्ही विचारलं नाही. निदान त्यांना जाऊन सांगायला तरी हवं होतं. त्यांना ते भिंतीवरच्या कागदावरून कळलं.

आज मागे बघताना मला सर्वांत जास्त खटकतं ते असं, की आम्हा तिघा-चौघांपैकी कोणाच्याही मनात "महिलांना मागे ठेवू" असा विचार आलाच नव्हता. बक्षिसाची रक्कम दोघांना सारखी आहे, याचा आम्हाला अभिमानच होता. अमेरिकन ओपनने १९७३ साली आणि विम्बल्डनने २००७ साली रक्कम सारखी केली, ही वाक्यं मी स्वतः उद्घाटनाच्या भाषणात म्हटली होती. पण पाऊस पडून गेल्यावर खरी वाटणी पैशांची नसते. ती कोरड्या कोर्टाची आणि उजेडाची असते.

काय केलं, आणि ती रात्र

स्थानिक मुलाचा सामना पाच पस्तीसला सुरू झाला आणि तीन सेट चालला. संपायला आठ पंचवीस झाले. तो हरला. पण लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या खऱ्या होत्या.

दोन नंबरवरचा सामना आठच्या आत संपला आणि तिथे महिलांचा पहिला सामना सुरू झाला. तो नऊच्या सुमारास कसाबसा पार पडला. तीन नंबरवर अर्धवट राहिलेल्या दुसऱ्या सामन्यातल्या दोघी आठ पन्नासला मुख्य कोर्टावर उतरल्या. दुपारी दोन चाळीसला त्या थांबल्या होत्या. सहा तास. मधल्या वेळात तीनदा अंग गरम करून झालं होतं, दोनदा थोडं खाऊन झालं होतं, पाय जड पडले होते. महाराष्ट्रातली ती खेळाडू पहिला सेट ६-४ जिंकून पुढे होती.

पाऊस गेल्यावर आभाळ निवळलं होतं, वारा पडला होता. अशा रात्री गोव्यात दव लवकर उतरतं. चेंडू ओल धरून जड झाले, त्यांचा केस फुगला. काका मैदानाच्या कडेला उभे होते. नऊच्या सुमारास ते माझ्याजवळ आले आणि काही न बोलता त्यांनी हात पुढे केला. तळहाताची पालथी बाजू ओली होती. मी म्हटलं, हा सेट होऊ दे.

नऊ वीसला, दुसऱ्या सेटमध्ये ४-४ असताना, ती मुलगी जाळ्याजवळ टाकलेल्या एका ड्रॉपशॉटवर पुढे धावली आणि सर्व्हिस लाइनवर तिचा उजवा पाय घसरला. घोटा मुरगळला. हाड शाबूत होतं. रेफरींनी तिथेच खेळ थांबवला.

ती नरकासुराची रात्र होती. दुसऱ्या दिवशी नरक चतुर्दशी. नाक्यानाक्यावर नरकासुराचे पुतळे उभे, ध्वनिक्षेपक दणाणत होते, रस्ते तुंबलेले. एरवी वीस मिनिटांचं हॉटेल गाठायला आमच्या गाडीला सव्वा तास लागला. घोट्यावर बर्फाची पिशवी धरून ती मागच्या सीटवर बसली होती. मी पुढे. तिच्या वडिलांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग शांतपणे म्हणाले, "सर, पाऊस सगळ्यांवर सारखाच पडला ना? मग कोरडं कोर्ट एकाच बाजूला कसं गेलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी आवाज चढवला असता तर कदाचित मी काहीतरी बोललो असतो.

परिणाम

दोन दिवसांच्या सामन्यांत साधारण बारा तासांची विश्रांती हवी, म्हणून गुरुवारी तो सामना साडेनऊला पुढे सुरू झाला. घोट्याला पट्टी बांधून ती खेळली. दुसरा सेट ४-६, तिसरा २-६. तो गुण गेला.

पहिली फेरी गुरुवारवर गेलेल्या चार जिंकणाऱ्यांना त्याच दिवशी दुसरी फेरीही खेळावी लागली. नियमाप्रमाणे दीड तासाहून लांबलेल्या सामन्यानंतर दीड तास विश्रांती मिळते, ती दिली. तरीही त्यातल्या एकीने दुसऱ्या सामन्यात मध्येच माघार घेतली. दुहेरीच्या पहिल्या फेरीतले उरलेले सामने आणि दुसरी फेरी शुक्रवारी एकाच दिवशी कोंबली. एकेरीत हरलेल्या तीन जोड्या परतीची तिकिटं काढून निघून गेल्या, कारण आणखी दोन रात्रींचं हॉटेल त्यांना परवडणारं नव्हतं.

गुरुवारी सकाळी नऊ महिला खेळाडूंनी सही केलेलं पत्र रेफरींकडे दिलं. पत्र संयमी होतं. मागणी एकच, यापुढे कोर्ट कोणत्या क्रमाने मिळणार ते आधी लिहून लावा. मी खेळाडूंच्या खोलीत जाऊन माफी मागितली. पाऊस, पाहुणे यांपैकी काहीही पुढे न करता. त्यानंतर रेफरींनी आणि मी मिळून कागद केला: अर्धवट सामने आधी, ज्या क्रमाने थांबले त्याच क्रमाने; मग मूळ वेळापत्रकाचा क्रम; मुख्य कोर्ट आळीपाळीने दोन्ही गटांना; दव उतरलं की रेषेवरची ओल बघून खेळ थांबवायचा, सेट संपायची वाट बघायची नाही. शुक्रवारी दुपारी पुन्हा वीस मिनिटं पाऊस आला. कागद भिंतीवर होता. एकानेही येऊन विचारलं नाही की आमचा सामना कधी.

स्पर्धा रविवारी वेळेत संपली. वर्तमानपत्रांत अंतिम सामन्यांचे फोटो आले. बाहेरून बघणाऱ्याला ती यशस्वी स्पर्धाच वाटली, आणि बऱ्याच अर्थांनी ती होतीही.

आज पुन्हा तीच वेळ आली तर

नाण्याची चाचणी स्पर्धेच्या आधी, पाऊस उघडला की लगेच. डिसेंबरात आम्ही ती केली तेव्हा तीन नंबरवर पाच रुपयांचं नाणं पूर्ण बुडालं, तेही दोन ठिकाणी. पाया दुरुस्त करून, चिऱ्याच्या कुंपणाकडून येणारं पाणी वळवायला चर खणून, मगच रंग दिला. चार नंबरला दिवे लावले. बुधवारी हे तिसरं दिव्याचं कोर्ट असतं तर निम्मा पेच आलाच नसता.

पाहुणे आणि वेळापत्रक यांच्यात भिंत हवी. स्थानिक खेळाडूला गर्दीसमोर खेळवावं असं वाटणं चूक नाही. गोव्यातल्या मुलांनी गोव्यातला खेळाडू बघावा, हे मला आजही तितकंच महत्त्वाचं वाटतं. पण तो सामना पहिल्याच दिवशी, मंगळवारी दुपारी ठेवता आला असता. तेव्हा कोणाचंच काही हिरावलं गेलं नसतं.

कोर्ट खेळण्याजोगं आहे की नाही, या चर्चेत देखभाल करणाऱ्या माणसाला जागा हवी. निर्णय रेफरीचाच, पण काकांच्या ओल्या हातावर मी विश्वास ठेवला असता तर नऊ वाजता खेळ थांबला असता. आता आमच्याकडे रात्रीच्या सत्रात दर तासाला ते रेषा तपासतात आणि थेट रेफरींना सांगतात. मध्ये मी नाही.

एका मुद्द्यावर रेफरींचं आणि माझं अजून जुळत नाही. त्यांच्या मते त्या बुधवारी सहा वाजता दिवस संपवायला हवा होता, गुरुवारी सात जणांना दोन सामने पडले असते तरी. मला वाटतं, महिलांचे अर्धवट सामने सहालाच दिव्याखाली लावले असते तर दव उतरायच्या आत ते संपले असते आणि गुरुवार हलका झाला असता. ते म्हणतात, दव कधी उतरेल हे तेव्हा कोणाला माहीत होतं? मी म्हणतो, काकांना. तारखांवरही आमचा असाच वाद चालू आहे. स्पर्धा नोव्हेंबरअखेर नेली तर पाऊस टळतो, पण दव वाढतं. डिसेंबरात नेली तर पर्यटकांच्या हंगामात हॉटेलांचे दर चढतात, आणि दीडशे डॉलरवर घरी परतणाऱ्या खेळाडूने ते कुठून द्यायचे? पुढच्या अर्जात आम्ही नोव्हेंबरचा दुसरा आठवडा मागितला आहे. दिव्याखाली शेवटचा सामना साडेसहाच्या पुढे सुरू करायचा नाही, असंही त्यात लिहिलं आहे.